काम चालू असतानाच काम शोधावं

बांधकामातल्या प्रत्येक नोकरीला संपण्याची तारीख असते. नेमणूकपत्रात ती सापडत नाही, कंत्राटात सापडते. बँकेत किंवा शाळेत लागलेला माणूस आपली संस्था उद्याही चालू असणार एवढं धरून चालू शकतो. साइटवर लागलेला माणूस पहिल्या दिवसापासून आपलीच जागा संपवायचं काम करत असतो, आणि जितकं चोख करेल तितकी ती लवकर संपते. समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सोळा पॅकेजमध्ये वाटून दिलेला होता. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला वाहतुकीला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. पहिल्या तारखेच्या मागेपुढे कितीतरी सर्व्हेअर, क्वालिटीवाले, स्ट्रक्चरचे इंजिनिअर, बिलिंगवाले एकाच हंगामात मोकळे होणार, हे कंत्राटं दिली तेव्हाच कळण्यासारखं होतं. तरीही आपल्या धंद्यातली बहुतेक माणसं काम शोधायला लागतात ती साइट ऑफिस आवरायला काढल्यावर. तेव्हा त्यांच्याच अनुभवाची, त्यांच्याइतकीच घाईत असलेली माणसं बाजारात उभी असतात, आणि पगार ठरवणं पूर्णपणे समोरच्याच्या हाती गेलेलं असतं.

इतकी वर्षं साइटवर काढल्यावर एक गोष्ट मला ठामपणे म्हणावीशी वाटते. आपण माणसांचे दोन गट पाडतो. एक दारोदार बायोडेटा देत फिरणारा, दुसरा आपल्या कामात राहून फोनची वाट बघणारा. पहिल्याला आपण धडपड्या म्हणतो, कधी अस्थिर म्हणतो. दुसऱ्याला निष्ठावंत म्हणतो. ही विभागणी चुकीच्या जागी केलेली आहे. माणूस किती हालचाल करतो हे इथे फारसं महत्त्वाचं नाही. तो ही हालचाल कधी करतो, आणि त्याच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे, यावर पुढचं काम ठरतं. हातात काम असताना शांतपणे केलेला शोध हा या व्यवसायात कामाचाच भाग मानायला हवा, मोजमाप घेण्याइतका आणि बिल करण्याइतका.

वाट बघणाऱ्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, तो आधी मांडतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन या शहरात नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक लोकांचा अभ्यास केला. त्यांचा निबंध १९७३ सालचा आणि पुस्तक १९७४ सालचं. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती, आणि बऱ्याच जणांनी तर शोध असा घेतलाच नव्हता; जागा त्यांच्याकडे चालत आली होती. एवढंच वाचलं तर वाट बघणाऱ्याचा विजय झाला असं वाटेल. पण ग्रॅनोव्हेटर यांचा खरा निष्कर्ष पुढे आहे. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यापैकी सुमारे सहातल्या एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली. अलीकडे २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या प्रयोगांचा अभ्यास छापून आला. त्यातही मध्यम ओळखीची माणसंच नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी ठरलेली दिसली. कारण समजायला सोपं आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबून येते.

आता हे आपल्या साइटवर आणून बघू. इथे ओळख म्हणजे बहुतेकदा एकच माणूस असतो, तो म्हणजे आपला प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने कंपनी बदलली की तो आपली टीम घेऊन जातो: एक बिलिंग इंजिनिअर, एक क्वालिटीवाला, दोन साइट इंजिनिअर, एखादा भरवशाचा फोरमन. कित्येकांची अख्खी कारकीर्द अशी एका साहेबाच्या मागे गेलेली दिसते. जोवर साहेबाचा जम बसलेला आहे तोवर ही व्यवस्था सुखाची असते. मुलाखत नाही, पगाराची घासाघीस नाही, नव्या जागी पहिल्या दिवसापासून शब्दाला मान. पण साहेबाची कंपनी अडचणीत आली, त्याचं मालकाशी बिनसलं किंवा तो निवृत्त झाला की पाच-सहा माणसं एकाच आठवड्यात उघडी पडतात. ती एकमेकांना मदत करू शकत नाहीत, कारण सगळ्यांची ओळख एकच होती. दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस त्या वेळी नवशिक्यासारखा बावचळतो. त्याने शोधायचं कधी शिकलेलंच नसतं.

लांबची ओळख आपल्या धंद्यात फार मोलाची असते आणि ती रोज साइटच्या फाटकातून आत येते. आरसीसी कन्सल्टंटकडून स्टील तपासायला येणारा मुलगा चार-पाच साइट बघत असतो. रेडीमिक्स प्लँटच्या प्रतिनिधीला पुढच्या सहा महिन्यांत कुठे किती क्युबिक मीटर काँक्रीट लागणार हे बिल्डरच्या सेल्स ऑफिसपेक्षा आधी ठाऊक असतं. क्यूब तपासणाऱ्या लॅबचा माणूस, लिफ्टवाला, वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार, शटरिंगचं सामान भाड्याने देणारा, महापालिकेच्या फायली हाताळणाऱ्या आर्किटेक्टकडचा सहायक हे सगळे जण अनेक साइटवर फिरतात. कुठे माणूस सोडून गेला, कुठे नवा टॉवर उभा राहतोय, कुठे पगार थकलेत हे त्यांना कळतं. त्यांच्याशी आपण बहुधा चलनावर सही करण्यापुरतं बोलतो, आणि त्यात पुष्कळदा वरचढपणाही असतो. जो इंजिनिअर त्यांच्याशी सरळ वागतो, त्यांचं बिल अडवून ठेवत नाही, आलेल्या मालाचं माप प्रामाणिकपणे लिहितो, त्याचं नाव चार ठिकाणी आपोआप पोचतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की या माणसाला काही न करता फोन आला. त्याने तो फोन कित्येक महिने मिळवत आणलेला असतो.

‘काम बोलतं, आपण बोलायची गरज नाही’ हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येतं. त्यामागचा स्वाभिमान मला आवडतो, पण बांधकामाच्या बाबतीत ते खरं नाही. आमचं चांगलं काम झाकलं जातं. सळयांचं अंतर, कव्हर, लॅपची जागा काँक्रीट ओतल्यावर दिसत नाही. वॉटरप्रूफिंग टाइल्सखाली जातं, वायरिंगचे पाइप प्लास्टरमागे जातात, पायाचं सगळंच जमिनीखाली जातं. उलट वाईट कामच पुढे बोलतं: गळतीतून, तड्यांमधून, खालीवर झालेल्या फरशीतून. चांगल्या कामाची साक्ष कागदच देतात, आणि ते सगळे कंपनीच्या कपाटात राहतात. साइट बंद झाली की ते गोदामात जातात, मग कुणाला सापडत नाहीत. म्हणून काम चालू असतानाच आपल्या कामाची नोंद स्वतःजवळ ठेवायला हवी. कंपनीची ड्रॉइंग किंवा दरांची माहिती पळवा असं मी अजिबात म्हणत नाही. ते बेकायदा आहे आणि अशा माणसाला पुढचा मालकही जवळ करत नाही. एका वहीत स्वतःच्या कामाचे आकडे उतरवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. कोणत्या इमारतीचे किती मजले आपण उभे केले, दोन स्लॅबमधलं अंतर किती दिवसांवरून किती दिवसांवर आणलं, २८ दिवसांच्या क्यूबचे निकाल कसे राहिले, सळईची नासाडी किती टक्क्यांवर रोखली, किती रनिंग बिलं वेळेत मंजूर करून घेतली, अपघाताविना किती काळ काम चाललं. बहुतेक बायोडेटांत ‘साइटवर देखरेख केली’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातून माणूस कळत नाही. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर दोन आकड्यांत ओळखतो की समोरचा खरंच स्लॅबवर उभा होता की ऑफिसात बसून होता.

शोधण्याचा अर्थ नोकरीच्या जाहिरातींना उत्तरं देणं एवढाच घेतला तर तो थकवणारा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. शंभर ठिकाणी अर्ज पाठवून एकाही ठिकाणाहून पोच न मिळण्याचा अनुभव हजारोंना आहे. पण बांधकामात जागा निर्माण कशी होते हे समजून घेतलं तर अर्जांची गरज कमी होते. जागा जाहिरातीत येते तेव्हा ती निर्माण होऊन बराच काळ झालेला असतो. आधी निविदा निघते, मग कंत्राट मिळतं, मग कार्यारंभ आदेश, त्यानंतर माणसं भरतात. सरकारी कामांच्या निविदा महाराष्ट्र शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. महामार्गांसारख्या मोठ्या कामांत देखरेखीची जबाबदारी घेणाऱ्या सल्लागार कंपन्यांना तर प्रमुख पदांवरच्या माणसांचे बायोडेटा निविदेबरोबरच द्यावे लागतात. त्यांचा शोध काम मिळण्याच्या आधी सुरू होतो. खासगी इमारतींच्या बाबतीत तर १ मे २०१७ पासून महारेरामुळे हे फारच सोपं झालं आहे. प्रकल्प कुणाचा, किती इमारती, पूर्ण करण्याची तारीख काय, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, काम कुठवर आलं ही माहिती प्रकल्पाच्या पानावर खुली असते. लोक ती घर घेण्यासाठी वाचतात. काम शोधणाऱ्यांनी ती वाचल्याचं मला क्वचितच दिसलं.

ती वाचायची कशी, तेही सांगतो. खोदाई आणि पायाचं काम नुकतंच सुरू झालं असेल तर प्लॅनिंगचा आणि क्वांटिटीचा माणूस लागेल आणि काही महिन्यांत आरसीसी सांभाळणारे इंजिनिअर लागतील. वरचे मजले चढत असतील तर खाली ब्लॉकवर्क आणि प्लास्टर सुरू होणार, म्हणजे फिनिशिंगची माणसं हवीत. प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, अग्निशमन यांचा समन्वय करणारा माणूस मिळणं कायम कठीण असतं. भोगवटा प्रमाणपत्राच्या आसपास ताबा देण्याची आणि तक्रारी निवारण्याची माणसं लागतात. पूर्ण व्हायची तारीख जवळ आली असून काम निम्म्यावर असेल तर तिथे माणसं तातडीने हवी असतात, पण पैशाची अडचण आहे का हे चौकशी करूनच जावं, नाहीतर पगार थकतो. जागा होण्याच्या थोडं आधी, योग्य माणसाला, आपल्या कामाच्या आकड्यांसह लिहिलेलं एक पत्र जाहिरातीनंतर पाठवलेल्या ढीगभर अर्जांना भारी पडतं.

यावर निष्ठेचा प्रश्न विचारला जातो. कंपनी पगार देत असताना बाहेर चौकशी करणं बेइमानी नाही का? काम अर्ध्यात टाकून दोन-चार हजारांसाठी पळणाऱ्याबद्दल मलाही आदर नाही. ऐन स्लॅबच्या तोंडावर माणूस गेला की त्याचा भार मागच्यांवर पडतो, आणि त्यातून चुका होतात, कधीकधी जीवही जातात. पण चौकशी करणं आणि सोडून जाणं यांत अंतर आहे. कंपनीही पुढच्या निविदा भरतेच. हातातलं काम पुरं होईपर्यंत ती थांबत नाही, आणि थांबली तर बुडेल. जो नियम कंपनीला शहाणपणाचा आहे तो माणसाला बेइमानीचा कसा ठरेल? उलट पुढचं ठरलेलं असलेला माणूस शेवटचे महिने शांत डोक्याने काम करतो. तो हस्तांतराच्या याद्या नीट करतो, ठेकेदारांची अंतिम बिलं मिटवतो. ज्याच्या मनात उद्याची धास्ती असते तो शेवटच्या टप्प्यात चित्ताने तिथे नसतोच.

हे सगळं इंजिनिअरांपुरतं झालं. गवंडी, फिटर, सुतार, बिगारी यांचं काय? देशातल्या काम करणाऱ्या लोकांपैकी सुमारे बारा टक्के बांधकामात आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य हेच आहेत. त्यांच्या बाबतीत शोध घेणारा आणि वाट बघणारा ही भाषा उलटीपालटी होते. पुण्यात वारज्याला किंवा डांगे चौकात सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस रोज काम शोधतो, त्याच्याइतका धडपड्या कोण असेल? पण निवड त्याच्या हातात काहीच नाही. गाडी थांबते, ठेकेदार बोट दाखवतो, दहा वाजून गेले की राहिलेले घरी जातात. त्याचा कालचा मालक त्याच्या हाताची सफाई बघून गेलेला असतो, पण आज उभा असलेला नवा ठेकेदार फक्त अंगकाठी बघतो. दुसरीकडे मुकादमाबरोबर आलेला मजूर स्वतः काहीच शोधत नाही. मुकादम उचल देतो, साइटही तोच ठरवतो, आणि उचल फिटेपर्यंत हा हलू शकत नाही. एकाला रोज शोधावं लागतं आणि दुसऱ्याला शोधायची सोय नाही, तरी दोघांची अडचण एकच आहे: आपण काय करू शकतो याचा कागद दोघांकडेही नाही.

तो कागद मिळण्याची एक वाट कायद्याने १९९६ मध्येच करून ठेवली आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या त्या कायद्याने घालून दिलेल्या अटीप्रमाणे १८ ते ६० वयाच्या, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या माणसाची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. मंडळाचा निधी बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे पैसा आपल्याच इमारतींमधून गेलेला असतो. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या कामगारांच्या खात्यात दोन हजार रुपये जमा झाले. शेजारच्याच झोपडीतल्या, नोंद नसलेल्या कामगाराच्या खात्यात ते आले नाहीत. ९० दिवसांचा दाखला देणं हे ठेकेदाराला किंवा मालकाला सहज शक्य असतं. तरी तो मागितला की टाळाटाळ होते, कारण दाखला म्हणजे आपला माणूस असल्याची कबुली, आणि कबुलीबरोबर जबाबदारी येते. मजुराला सांगायचं, ‘बाबा रे, तू जास्त शोध घे,’ आणि त्याच्या श्रमाची साधी नोंद द्यायची नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या बाबतीत शोध सोपा करण्याचं काम आपलं, साइट चालवणाऱ्यांचं आहे.

घाईने शोधणाऱ्याला धोकाही असतो, तो लपवून उपयोग नाही. आखाती देशांत बांधकामावर कोकणातून आणि राज्याच्या इतर भागांतून वर्षानुवर्षं माणसं जात आली आहेत. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंटला सरकारी नोंदणी लागते आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला कर सोडून ३०,००० रुपयांची मर्यादा आहे. त्याहून कितीतरी जास्त पैसे देऊन, जमीन गहाण ठेवून गेलेल्यांच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात. फसतो तो बहुधा काम सुटल्यावर हातघाईला आलेला माणूस, कारण त्याला नोंदणी क्रमांक पडताळायला, करार वाचायला, दुसऱ्याला विचारायला वेळच नसतो. काम हातात असतानाच शोधावं असं मी म्हणतो ते यासाठीही.

शेवटचा मुद्दा माणसं निवडणाऱ्यांसाठी, कारण सगळा भार शोधणाऱ्यावर टाकून चालणार नाही. ओळखीतून भरती करणं स्वस्त आणि भरवशाचं असतं, हे मी जाणतो. पण ओळखीच्या साखळीत जे आधीपासून आहेत तेच पुढे सरकतात. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या छोट्या गावातून डिप्लोमा करून आलेला, घरातला पहिलाच शिकलेला मुलगा त्या साखळीत नसतो. साइटवर काम करायची इच्छा आणि तयारी असलेली मुलगी तर जवळपास कधीच नसते. तिला ऑफिसातली ड्रॉइंगची जागा सुचवली जाते आणि साइटची जागा तिच्या कानावर येण्याआधीच भरलेली असते. वाट बघणं या दोघांना परवडणारं नाही, कारण त्यांचा नंबर फोनमध्ये असलेला कुणी वरच्या जागेवर बसलेला नाही. ज्यांच्या हातात माणसं घेण्याचा अधिकार आहे त्या माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगणं आहे: साइट चालू असताना मजुरांचे ९० दिवसांचे दाखले न मागता सही करून द्या, सोडून जाणाऱ्या इंजिनिअरच्या अनुभवपत्रात त्याने केलेल्या कामाचे आकडे लिहा, आणि पुढची जागा भरताना ओळखीच्या नावांबरोबर निदान एका अनोळखी उमेदवाराला मुलाखतीला बोलवा.